रायफलीच्या पोटातलं काजळ

आक्का डोळ्यांत जे काजळ घालायच्या, तेच रायफलीच्या पोटातही घालायच्या. डबी एकच. पितळेची, झाकणाला पोचा पडलेली. सकाळी अंघोळ झाली की पहिलं बोट डोळ्यांत जायचं आणि मग दिवसभर लोखंडाला. काजळ घरचंच. एरंडेलाचा दिवा, वर पालथं ताम्हण, साचलेल्या काजळीत थोडं तूप. बाजारचं काजळ त्यांना चालत नसे. "त्यात काय घालत्यात कुणाला ठावं? जे डोळ्याला चालत न्हाई ते लाकडाला कसं चालंल?" असा त्यांचा सवाल.

चिंचवड गावठाणात, एका डेअरीच्या शेजारी त्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान वडिलांचं. ते गेल्यावर भावांनी शेतजमिनीच्या वाटण्या केल्या, प्लॉटिंग केलं, गाड्या घेतल्या. आक्कांनी फक्त दुकान मागितलं आणि कचेरीत हेलपाटे घालून लायसन स्वतःच्या नावावर करून घेतलं. साहेब म्हणाला होता, बाईमाणसाला हे कशाला? आक्का त्याला म्हणाल्या, "साहेब, तुमच्या खुर्चीचा एक पाय आखूड हाय. आधी तेवढा बगा." लग्न केलं नाही. का नाही, असं विचारायची छाती गावठाणात कुणाची नव्हती, माझी तर नव्हतीच.

खुर्चीचं ते काही टोमण्यापुरतं नव्हतं. हलणारी वस्तू त्यांना सहनच व्हायची नाही. कुणाच्याही घरी गेल्या की आधी टेबलाला हात लावून बघणार, मग चहा घेणार. कुकरची झाकणं, रिक्षाच्या सीटा, देवळातली समई, सगळ्यांची परीक्षा व्हायची. भाचीसाठी मुलगा बघायला गेल्या तेव्हा मुलाकडच्यांच्या सोफ्यावर बसल्या, जरा डाव्या अंगाला कलल्या, जरा उजव्या, आणि भर बैठकीत म्हणाल्या, "हलतंय." मुलाच्या वडिलांना वाटलं, स्थळ मोडलं. ते बिचारे घाम पुसायला लागले. आक्कांनी पिशवीतून लाकडाची कपची काढली, सोफ्याच्या पायाखाली सारली, पुन्हा बसल्या आणि म्हणाल्या, "हां. आता बोला." लग्न झालं, बरं का. व्यवस्थित चाललंय.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या मालात खोट काढणं हा माझा धंदा, आणि स्वभावही त्याच मापाचा आहे असं नवरा म्हणतो. त्याचं म्हणणं सोडून द्या. तर मी रविवारी सांगवीहून क्लबच्या रेंजवर जायचे, .22 रायफलनं, पोटावर झोपून मारायचे. रायफल माझी स्वतःची. एका निवृत्त नेमबाजाकडून घेतलेली, सेकंडहँड, पण नळी उत्तम. दुखणं वेगळंच होतं. चांगल्या गोळ्या एकाच भोकात जायच्या आणि मधेच एखादी उगाच भलतीकडे पळायची. श्वास तपासला, डोळे तपासले, चष्मा बदलला. शेवटी रेंजवरच्या एका म्हाताऱ्या मेजरांनी सांगितलं, "दस्त्याची भानगड दिसते. चिंचवडला आक्कांकडे जा. पण वाद घालू नका हं."

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रायफलीला नळी असते. नळीच्या मागे लोखंडाची पेटी असते, तिला ॲक्शन म्हणायचं. गोळी तिथं बसते, ती आत सारणारा बोल्ट तिथंच मागेपुढे होतो. ही ॲक्शन लाकडी दस्त्यात कोरलेल्या घरात बसवून खालून स्क्रूनं आवळायची. हे घर तिच्या अंगाबरोबर नसेल, एखादा कोपरा जरी उंच राहिला, तर स्क्रू आवळल्यावर लोखंड केसभर वाकतं. प्रत्येक गोळीला ते लाकडात जरासं सरकतं. मग तुम्ही कितीही नेम धरा, बसा बोंबलत.

आक्का या सगळ्याला 'बैठक' म्हणायच्या. बैठक करायची पद्धत अशी: ॲक्शनला खालून काजळाचं पातळ बोट फिरवायचं. ती घरात अलगद ठेवून हातोडीच्या दांड्यानं एक टिचकी द्यायची आणि उचलायची. लाकूड जिथं काळं झालं, तिथं ते लोखंडाला आधी भिडतंय, म्हणजे तेवढं उंच आहे. ते पटाशीनं खरवडायचं. ॲक्शन फडक्यानं स्वच्छ पुसायची. पुन्हा काजळ, पुन्हा टिचकी, पुन्हा खरवड. असं करत करत एक वेळ अशी येते की सगळं घर सारखंच काळं होतं. मग समजायचं, बसली. फडकं त्यांच्या खांद्यावर कायम असायचं. देवळात जाताना सुद्धा राहायचं कधीकधी.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी रायफलीकडे बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यातली गोधडी अंथरली आणि म्हणाल्या, "झोप."

"आक्का, मी रायफल दाखवायला..."

"ती कुठं पळून चाललीया? पालथी झोप. मारतीस कशी ते बगू दे."

ऑफिसच्या कपड्यांत, दुकानाचं शटर उघडं, शेजारी डेअरीत दूध घ्यायला आलेल्या बायका डोकावतायत, आणि मी गोधडीवर पालथी. आक्का माझ्याभोवती फिरल्या. खांदा दाबला, कोपर इंचभर आत घेतला, मानेवर टपली मारली. मग रायफल हातात घेतली, पुढचा स्क्रू सैल केला, आणि जिथं नळी लाकडातून बाहेर येते तिथल्या सांध्यावर माझं बोट ठेवलं.

"डोळं मीट. मी स्क्रू आवळती. हलली का सांग."

बोटाखाली लोखंड किंचित उठलं आणि बसलं. डोळे उघडे असते तर कळलंच नसतं.

"हलली," मी म्हटलं.

"मंग? गोळीला कशापायी शिव्या घालतीस? आवळून बसवलेलं बसलेलं नसतं, बाई."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मी फोनवर कुणा व्हेंडरला झापत असले की तेच ऐकवायच्या. मला राग यायचा. पण दुसऱ्या दिवशी त्या व्हेंडरशी नीट बोलायचे, तेही खरंच.

गावठाणातले जमीनवाले लोक त्यांच्याकडे आपल्या बंदुका घेऊन यायचे. त्यातल्या अर्ध्या बंदुकांमधून कधी गोळी सुटली नसेल. एकदा त्यांच्यातलेच एक 'भाऊ' आले, गळ्यात, मनगटात, बोटांत सगळीकडे सोनं. म्हणाले, आक्का, दस्त्यावर माझं नाव सोन्यात बसवून द्या. आक्कांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "अंगावर जागा उरली न्हाई व्हय रं?" भाऊ मोठ्यानं हसले, कारण आक्कांपुढे दुसरं काय करणार? मग आक्कांनी त्यांची बंदूक उघडून आतला गंज त्यांच्या पांढऱ्या शर्टाला पुसला आणि वर चहाही पाजला.

आणखी एक खोड सांगायची राहिली. काम पुरं झालं, सगळीकडे सारखं बसलं, की ॲक्शन शेवटची बसवण्याआधी आक्का दस्त्याच्या आत, नळीखालच्या पोकळीत, जिथं लोखंड टेकतच नाही तिथं, करंगळीनं काजळाचा एक ठिपका लावायच्या. वर वॉर्निशचा थेंब, पुसला जाऊ नये म्हणून. तान्ह्या बाळाला लावतात ती तीट. "पुरं बसलेलं उघडं ठिवू न्हाई. दिष्ट लागती." मी एकदा हसले तर आठवडाभर माझं काम बाजूला पडलं.

आता एका वर्षीचं सांगते.

राज्य स्पर्धा जवळ आली होती. घरी सासूबाई आजारी, माझी शिफ्ट, रविवार सगळा रेंजवर. मी घरात कबूल केलं होतं, या वेळी राज्याच्या टीममध्ये निवड झाली नाही तर रायफल विकायची. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण एकदा शब्द दिला की मी फिरवत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यात जास्त मला. आणि नेमकी तेव्हाच आक्कांनी करून दिलेली बैठक पुन्हा सैल झाली. जुनं लाकूड, दोन उन्हाळे खाल्लेले.

आक्कांकडे रायफल दिली. इकडे रेंजवर कुणीतरी बोलून गेलं होतं की आता काजळ कोण वापरतं, आता सगळे इपॉक्सीचा लेप घालतात. लाकडात लेप भरायचा, त्यात ॲक्शन दाबून ठेवायची, रात्रभरात लेप तिच्या अंगाबरोबर घट्ट होतो. फक्त लोखंडाला आधी मेण लावायचं, म्हणजे ते चिकटत नाही. हे बोलणं आक्कांच्या कानावर गेलं. झालं! "आमाला काय येत न्हाई व्हय?" म्हणून त्यांनी भाचीच्या मोबाइलवर बघून घेतलं, लेप आणला, आणि मला न विचारता माझ्याच रायफलीवर मुहूर्त केला.

सकाळी कंपनीत फोन आला. "ये."

एवढंच. मी हाफ डे टाकला आणि चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकला शिव्या घालत चिंचवडला पोचले. आक्का स्टुलावर बसलेल्या, समोर रायफल.

"काय झालं, आक्का?"

"बसली."

"अहो, मग चांगलंच आहे की!"

"लई बसली. निघंना."

ॲक्शन आणि दस्ता एकजीव झाले होते. मी ओढून पाहिलं, ठोकून पाहिलं. आणि मग मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. स्पर्धा आठवड्यावर आली, माझी एकच रायफल, नको तो शहाणपणा कुणी सांगितला होता, असं बरंच. आक्का एका शब्दानं उलटून बोलल्या नाहीत, तेव्हा कुठं मी घाबरले.

"मेण लावलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "लेप बी भरला. ॲक्शन हातात घितली, आन् ह्या हातानं," त्यांनी उजवा हात पुढे केला, "खांद्यावरचं फडकं घिऊन तिला पुसली. बसवायच्या आधी पुसायची. सवय. जल्माची सवय. मेण समदं पुसून काढलं आन् तशीच बसवली. सकाळी उचलाया गेली तवा ध्यानात आलं."

म्हणजे लोखंड सोडवणारी एकमेव गोष्ट त्यांनी स्वतःच्याच हातानं, शिस्तीत, पुसून टाकली होती. 

मेजरांना फोन लावला. ते म्हणाले, एकच उपाय, गारठवा. लोखंड आकसतं, सुटलं तर सुटेल. एवढा मोठा डीप फ्रीजर फक्त शेजारच्या डेअरीत होता. बोल्ट काढून घेतला, रायफल जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि श्रीखंडाच्या डब्यांच्या आणि मटारच्या पाकिटांच्या मध्ये आडवी ठेवली. आक्कांनी फ्रीजरपुढे स्टूल टाकलं आणि लायसनचे कागद मांडीवर घेऊन बसल्या. हत्यार नजरेआड ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम.

"आक्का, गिऱ्हाईक आलंय, आम्रखंड पायजे," डेअरीवाला काकुळतीला आला.

"उद्या ये म्हनावं."

"अवो, आज त्यांच्याकडं पाव्हणे हायत!"

"मंग बासुंदी दे. फ्रीजर उघडायचा न्हाई."

दिवसभर कुणाला आइस्क्रीम मिळालं नाही. एक लहान मुलगी रडायला लागली, तिला आक्कांनी स्वतःच्या पदरच्या पैशानं चॉकलेट घेऊन दिलं, पण झाकण उचललं नाही. दुसऱ्या कुठल्या वेळी मी पोट धरून हसले असते.

संध्याकाळी रायफल बाहेर काढली. आक्कांनी रबरी हातोडा घेतला, नळी हातात तोलून धरली आणि एक नेमका ठोका दिला. टक! ॲक्शन सुटली. मी ओरडलेच. पण आक्का लोखंडाच्या खालच्या अंगाकडे बघत होत्या. लाकडाचा एक कपचा त्याला चिकटून आला होता. अगदी बैठकीतला, मागच्या स्क्रूपाशी.

त्यांनी रायफल माझ्या हातात दिली. "दुसऱ्याकडं ने."

"कुणाकडे नेऊ आता? आक्का, स्पर्धा..."

"ह्या हातावर माजा भरवसा न्हाई ऱ्हायला." डबीचं झाकण लावलं आणि शटर खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेले. जाणार कुठं दुसरीकडे? शटर अर्धं वर होतं. आक्का आत भावाशी फोनवर बोलत होत्या, लायसन परत करायला काय काय कागद लागतील ते विचारत होत्या. त्यांनी मान वर केली. डोळ्यांत काजळ नव्हतं. इतक्या वर्षांत मी तो चेहरा तसा पाहिलाच नव्हता. कुणी आजारी म्हातारी बसलीय असं वाटलं.

त्यांची समजूत काढायला हवी होती. गोड बोलणं मला येत नाही, आलं असतं तर क्वालिटीत नसते. मी रायफल टेबलावर ठेवली, डबी उघडली आणि बोटभर काजळ ॲक्शनला फासलं. थापलं म्हणा. ॲक्शन घरात कोंबली, उचलली, पटाशी घेतली आणि काळं दिसेल तिथं खरवडायला लागले.

आक्का फोनवर "व्हय, व्हय" करत होत्या. मग थांबल्या.

"आगं ए!"

मी ऐकलंच नाही.

"आगं रेषेच्या उलटं कुठं खरवडतीस! लाकूड हाय का दगड? एवढं काजळ! काय अंघोळ घालायचीया तिला? सोड! सोड म्हनते ती पटाशी!"

"तुमचा हातावर भरवसा नाही ना? मग माझ्या हातानं होऊ दे जे व्हायचं ते."

"तुज्या हातानं सरपण हुईल सरपण!" भाऊ फोनवर तसाच राहिला. आक्कांनी पटाशी माझ्या हातातून हिसकावली, मला ढकलून बाजूला केलं आणि मी केलेला घोळ बघून कपाळावर हात मारला. मग पुटपुटत, मला आणि माझ्या कंपनीला नावं ठेवत, उरलेला लेप खरवडून काढला, कपच्याची जागा चौकोनी साफ केली. अक्रोडाचा तुकडा शोधला, जुन्या रेषेला रेष जुळवून डकवला. आणि सरस सुकल्यावर, काजळाचं पातळ, दिसेल न दिसेल असं बोट लोखंडावर फिरवलं. टिचकी दिली. उचललं. पुसलं.

मी गोधडीवर बसून बघत होते. मधेच त्यांनी डबीतलं बोट सहज डोळ्यांना लावलं, आरसा न बघता. थोडं बाहेर पसरलं. मला एवढं बरं वाटलं की मी उठून डेअरीतून दोघींसाठी आम्रखंड आणलं. डेअरीवाला म्हणाला, "आज उघडू का मग फ्रीजर?"

स्पर्धेला जायच्या आदल्या दिवशी बैठक पुरी झाली. आक्कांनी करंगळीनं तीट लावली, वॉर्निशचा थेंब सोडला. मी या वेळी हसले नाही. उलट म्हटलं, जरा मोठी लावा.

स्पर्धेत रायफल हलली नाही. टीममध्ये माझं नाव शेवटचं होतं, पण होतं. परत आल्यावर तडक चिंचवडला गेले, पेढे घेऊन. आक्का एका बारा बोअर बंदुकीचा घोडा साफ करत होत्या.

"हलली का?"

"नाही हलली."

"मंग झालं." पुन्हा खाली मान.

"आक्का, निवड झाली माझी!"

"व्हय? बरं." पेढा तोंडात टाकला. मी स्कूटर काढते आहे तोवर मागून आवाज आला, डेअरीवाल्याला सांगत होत्या, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं: "आमची रायफल टीममधी गेली! तुज्या फ्रीजरातली!"

गेल्या दिवाळीच्या आधी आक्का गेल्या. दुखणं असं काही नव्हतं, झोपेतच. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. बंदुका रीतसर जमा झाल्या, अवजारं भावांनी कुणाला तरी दिली. पितळेची डबी कुठं गेली ते मी विचारलं, कुणालाच ठाऊक नाही. मी त्या गल्लीतून जाणं टाळते. फार आठवण येते, दुसरं काही नाही.

परवा रेंजवर रायफलींच्या दुरुस्तीला नवा आर्मरर आला. बाहेरून शिकून आलेला, चांगला मनुष्य आहे, काम स्वच्छ. त्यानं सगळ्यांच्या रायफली तपासायला घेतल्या. माझी उघडली, दस्त्यातल्या घरात टॉर्च मारला आणि कडेनं बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "कुणी केलंय हे, मॅडम? सुंदर आहे." मी काही सांगणार इतक्यात त्यानं पटाशी उचलली. "फक्त इथं नळीखाली एक उंचवटा राहिलाय बघा. काळं दिसतंय. तेवढं काढून टाकतो."

"हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या लेनवरचा माणूस दचकला.

"अहो, पण का?"

"दृष्ट लागेल."

 त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं पटाशी ठेवून दिली, ॲक्शन दस्त्यात बसवली आणि पुढचा स्क्रू जरा सैल केला. मी सांध्यावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. त्यानं स्क्रू आवळला.

"हलली का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. डोळे मात्र मी बराच वेळ उघडले नाहीत.